नकोच्या पुढे काय लिहायचं

पूर्णिमाला बसून विचार करता येत नाही. माझ्या पुढच्या खोलीत ती राहायला आली तेव्हापासून खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत तिच्या रबरी सपातांचा आवाज चालू असतो. एका हातावर उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. मधेच थांबते, एखादा शब्द बदलते, ओठ हलवून वाचते, स्वतःवरच वैतागते आणि पुन्हा चालू. पहिल्या आठवड्यातच मी विचारलं होतं, "काय गं, ऑफिसात खुर्च्या देत नाहीत का तुम्हाला?" तर म्हणाली, "देतात ना काकू, चाकांची आहे." तिला टोमणा कळला नाही असं मला वाटलं. कळला होता. तिला उत्तर द्यायला सवड नव्हती.

मी कर्वेनगरात राहते. एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. यजमान गेले, मुलगा सुदर्शन कॅनडात. पुढच्या खोलीला वेगळं दार आहे, ती मी नोकरी करणाऱ्या मुलींना देते. अटींची पाटी मी लावलेली नाही. तोंडी सांगते, म्हणजे समोरच्याला नीट ऐकून घ्यावंच लागतं.

पूर्णिमा वर्धा जिल्ह्यातली, आर्वीची. वडिलांची पिठाची गिरणी. नागपुरात मराठी घेऊन एम. ए. झाली आणि मराठी घेऊन एम. ए. झालेल्यांना जे काम मिळतं ते शोधत पुण्याला आली. आधी ती मिक्सर आणि कुकरच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहायची. झाकण घट्ट बसवा, ओल्या हातांनी प्लग लावू नका, असलं. "ते कुणी वाचत नव्हतं काकू," ती सांगायची, "म्हणून जीवाला घोर नव्हता. आता जो वाचतो ना, तो अक्षर न् अक्षर वाचतो. आणि तसंच करतो."

हा वाचणारा म्हणजे माणूस नव्हे. बाणेरच्या एका लहानशा कंपनीनं 'विचारपूस' नावाची सेवा काढली आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन येतो. झोप लागली का, गोळी घेतली का, गुडघा कसा आहे. बोलते ती एआय, पण बाईच्या आवाजात आणि बऱ्यापैकी अदबीनं बोलते. नुसतं बोलून भागत नाही म्हणून तिच्या हाताशी काही कामं दिलेली असतात. त्यांना ही मंडळी 'टूल' म्हणतात. डॉक्टरांची वेळ घेणं हे एक टूल, औषध मागवणं हे दुसरं, मदतीला माणूस बोलावणं हे तिसरं. प्रत्येक टूलला एक नाव असतं आणि खाली चार ओळी माहिती. त्या चार ओळी लिहिणं हे पूर्णिमाचं काम.

मी म्हटलं होतं, "चार ओळींसाठी एवढी येरझार?"

तेव्हा तिनं मला माझ्याच स्वयंपाकघरात नेलं. फडताळातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. "समजा, काकू, नवी बाई आली. हुशार आहे, पण डबा उघडून बघायची तिला परवानगी नाही. वास घ्यायचा नाही, चाखायचं नाही. चिठ्ठी वाचायची आणि भाजीत घालायचं. तुम्ही एका डब्यावर नुसतं 'पीठ' लिहिलंय. कशाचं?"

"मला माहितीये ना कशाचं."

"तेच तर. तुम्हाला माहीत आहे."

त्या दिवशी मी त्या चिठ्ठीवर 'ज्वारी' लिहिलं. तिच्यासमोर नाही, नंतर.

आता 'मदत_मागवा' या टूलची गोष्ट. शब्दांच्या मधे ती खालची रेघ असतेच, मी सुधारायचा प्रयत्न करून पाहिला. हे टूल वापरलं की दोन गोष्टी व्हायच्या. जवळपासचा मदतनीस घरी पाठवला जायचा आणि त्याच वेळी मुलाला किंवा मुलीला निरोप जायचा. इंजिनिअर मंडळींनी त्यावर लिहिलं होतं, 'व्यक्तीला बरे नसल्यास वापरा.' झालं. पुण्यातल्या सत्तरीच्या माणसाला बरं नसणं हा काही प्रसंग आहे का? तो त्याचा स्वभाव आहे.

कसब्यात दत्तप्रसाद म्हणून एक गृहस्थ आहेत. विचारपूसनं विचारलं, "आज कसं वाटतंय?" ते म्हणाले, "अजून गेलो नाही, हे तुमचं दुर्दैव." फोनवरची बाई घाबरली. थोड्याच वेळात मदतनीस त्या बोळातून धापा टाकत पोचला, तर दत्तप्रसाद अर्धी दाढी करून दारात उभे. वरून बंगळुरूहून मुलाचा रडवेला फोन. त्यांनी कंपनीला फोन करून जे सुनावलं ते पूर्णिमानं मला ऐकवलं. मराठी अत्यंत शुद्ध होती.

असे प्रकार वाढले तेव्हा तिचा साहेब तेजस वैतागला. साहेब म्हणजे तिच्याहून लहान मुलगा. खोलीचं दार उघडं असलं की त्याचा आवाज माझ्यापर्यंत येतो. "पूर्णिमा, सिंपल ठेव ना. आधी परमिशन घ्या. नो म्हणाले तर नो. यूजरचा रिस्पेक्ट आहे त्यात."

तिनं लिहिलं, 'आधी व्यक्तीला विचारावे. व्यक्ती नको म्हणाल्यास वापरू नये.'

आणि मग ते टूल वापरलंच जाईना. दिवसच्या दिवस जात, एक मदतनीस कुठे जात नसे. तेजस खूष. पूर्णिमाच्या येरझारा मात्र वाढल्या. स्वयंपाक करता करता गॅस बंद करून खोलीत जायची, परत यायची, पुन्हा जायची. एकदा तिची आमटी उतू गेली आणि ओटा मी पुसला.

"काय झालंय तुला?"

"काकू, सगळे नको म्हणून राहिले." घाईत असली की तिची वऱ्हाडी बाहेर येते. "एकजण हो म्हणत नाही. असं असते का कुठं?"

"नको असेल म्हणून नको म्हणत असतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती कशाबद्दल विचार करत होती ते मला ठाऊक होतं. ती पहिल्यांदा खोली बघायला आली तेव्हा रात्रभर बसमधून आली होती. मी विचारलं, "चहा घेणार?" ती म्हणाली, "नको काकू." मी आधण उतरवलं. पुढे ओळख झाल्यावर तिनं सांगितलं की तिचा घसा वाळून कोरडा पडला होता, आणि मी खरोखरच आधण उतरवलं हे पाहून तिला रडू यायचं बाकी होतं. त्यांच्याकडे पहिलं नको हे नुसतं शिष्टाचाराचं असतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर मान हलवायची, तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. मी तिला सांगितलं, "आमच्याकडे नको म्हणजे नको. त्यात समोरच्याचा वेळ वाचतो."

"खरंच का काकू? पुण्यात सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं," मी म्हटलं. शिक्षिका होते ना, खात्री नसलेल्या गोष्टी खात्रीनं सांगायची सवय आहे.

याच सुमारास माझ्या सुदर्शननं मला विचारपूसचं गिऱ्हाईक केलं. भाडेकरू त्याच कंपनीत आहे हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. फोनवर म्हणाला, "आई, रोज कुणीतरी तुझी चौकशी करेल."

"तू करत जा की."

"मी करतोच. पण तू मला खरं सांगतेस का?"

यावर मी विषय बदलला. आमच्या दोघांत एक वाद बरेच दिवस चालू होता. पुण्याबाहेर मांजरी गावाला, उसाच्या शेतांना लागून, म्हाताऱ्या लोकांसाठी नव्या इमारती झाल्या आहेत. त्याला वृद्धाश्रम म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं सीनियर लिव्हिंग. सुदर्शननं मागच्या खेपेला मला तिथे नेऊन आणलं होतं. जिना नाही, भिंतींना दांड्या, जेवायला घंटा. खिडकीतून ऊस. मला ऊस बघत बसायचं नाही. मला माझ्या गॅलरीतून खालच्या मजल्यावरची भांडणं बघायची आहेत. जाताना विमानतळावर तो म्हणाला, "आई, आता तुला हवं तसं राहा. पण एकदा जरी पडलीस, तर मी ऐकणार नाही. कुलूप लावायचं आणि मांजरी." तो प्रेमानंच म्हणाला. प्रेमानं म्हटलेल्या धमकीवर काही बोलताही येत नाही. तेव्हापासून मी आंघोळीच्या वेळी भिंत धरून चालते, आणि मांडीला पेटका आला तरी त्याला सांगत नाही.

मग यमुनाबाईंचं झालं. याही कसब्यातल्याच, तांबट आळीजवळ राहतात, यजमान तांब्याची भांडी घडवायचे, आता बाई एकट्याच. मुलगी श्रद्धा बंगळुरूला. यमुनाबाईंना ताप भरला. विचारपूसनं रोज विचारलं आणि रोज त्यांनी नको म्हटलं. शेवटी समोरच्या दुकानदाराला त्यांच्या दाराबाहेर दुधाच्या पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या आणि त्यानं दार ढकललं. बाई वाचल्या. पण दवाखान्यात खूप दिवस काढावे लागले.

ही बातमी आली तेव्हा पूर्णिमा खोलीत चालतच होती. ती थांबली नाही. उलट वेगानं चालायला लागली, आणि मग तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "काकू, मला त्यांना भेटायचंय. माझ्या एका ओळीनं झालं हे." मला तिला एकटीला सोडवेना. यमुनाबाई घरी आल्यावर आम्ही दोघी गेलो. कसब्यात रिक्षा आत जात नाही, तेव्हा चालतच. बोळात कुठूनतरी हातोडीचा ठणठण आवाज येत होता आणि पूर्णिमा त्या ठेक्यावर चालल्यासारखी भराभरा पुढे.

यमुनाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. अगदी वाळून गेल्या होत्या. पूर्णिमानं आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही नको का म्हणालात?"

"अगं, ती पोरगी चांगलीय बोलायला. म्हणाली, माणूस पाठवते आणि श्रद्धाताईंना कळवते. श्रद्धाच्या पोराची बारावी चाललीय. आईची तब्येत बिघडली म्हटल्यावर ती पोराचे पेपर तसेच टाकून निघाली असती. मग म्हटलं, नकोच."

"आणि नुसता माणूस पाठवला असता तर?"

"मग कशाला नको म्हणीन? ताप काय कुणाला हौसेनं येतो?"

पूर्णिमा उठून खिडकीपाशी गेली. तिथून दारापाशी. खोली एवढीशी, तिला वळायलाही जागा नव्हती. मग ती पुन्हा यमुनाबाईंजवळ येऊन बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. मी तिला ओळखते. तिच्या डोक्यात ओळ तयार होत होती.

घरी परत येताना रिक्षात तिचं तोंड थांबेना. "काकू, एकाच टूलमधे दोन कामं कोंबली होती. ती बिचारी खरंच सांगायची की मी ही दोन्ही करणार. लोक दुसऱ्याला नको म्हणत होते आणि आम्ही पहिलंही रद्द करून राहिलो. माझ्या ध्यानात काहून नाही आलं?"

"कारण तू अजून कुणाची आई नाहीस," मी म्हटलं. हे जरा लागेलसं बोलले. पण ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून तेजसशी तिची जुंपली. तिला त्या टूलचे दोन तुकडे करायचे होते. एक फक्त माणूस पाठवणारं आणि दुसरं फक्त घरच्यांना कळवणारं. तेजसचं म्हणणं, "पण आपला कस्टमर कोण आहे? मुलं! मुलांना कळवलं नाही आणि उद्या काही झालं तर?" तोही चूक नव्हता. मला तो आवडत नाही, पण तो चूक नव्हता. पूर्णिमा खोलीत चालत चालत त्याच्याशी बोलायची. "मान्य आहे तेजस. पण कळेल या भीतीनं ते मदतच घेत नाहीत. मग मुलांना कळणार काय, दुधाच्या पिशव्या?" शेवटी तो म्हणाला, करून बघू, मात्र मुलांना देतो त्या नियमांत हे स्पष्ट लिहायचं. तिनं ते लिहिलं. मुलांनी ते वाचलं की नाही, देव जाणे.

त्यानंतर ती माझ्या मागे लागली. जेवताना, कपडे वाळत घालताना, टीव्ही बघताना. "काकू, समजा तुम्ही पडलात."

"शुभ बोल की जरा."

"समजा हो. आणि तिनं विचारलं, माणूस पाठवू का? तुम्ही काय म्हणाल?"

"नको म्हणेन."

"आणि पुन्हा विचारलं तर?"

"पुन्हा विचारलं तर वैतागून नको म्हणेन."

"आणि तुम्हाला उठता येत नसेल तर?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिनं लगेच काहीतरी टिपलं. मला संताप आला. मी काय परीक्षेचा पेपर आहे? पण तिचा चेहरा बघितला आणि राग गिळला. ती रोज बारीक होत चालली होती. माणसाच्या कुठल्या नकोला मान द्यायचा आणि कुठल्या नकोला नाही, हे चार ओळींत लिहायचं आणि ते वाचून एक यंत्र शेकडो घरांत तसंच वागणार, या विचारानं तिला घास जात नव्हता. "दुसऱ्यांदा विचारलं नाही तर माणूस मरेल," ती म्हणायची, "आणि सारखं सारखं विचारलं तर त्याच्या शब्दाला किंमत उरणार नाही. मी कोण लागून गेले हे ठरवणारी?"

अखेर तिनं लिहिलं ते मला वाचून दाखवलं. पहिल्याचं नाव 'मदतनीस_पाठवा'. 'ओळखीच्या किंवा जवळच्या माणसाला घरी जाऊन बघण्याचा निरोप जातो. निरोप गेला म्हणजे माणूस पोचला असे नाही. तसे सांगू नये. घरच्यांना यातून काहीही कळत नाही, हे व्यक्तीला आधी सांगावे. व्यक्ती नको म्हणाल्यास कारण समजून घेऊन आणखी एकदाच विचारावे. उठता येत नसेल, धाप लागत असेल किंवा बोलणे तुटत असेल, तर दुसऱ्या नकोनंतरही पाठवावे आणि पाठवत आहे असे स्पष्ट सांगावे. नुसत्या कुरबुरीसाठी किंवा तिरकस बोलण्यावरून वापरू नये.' ही शेवटची ओळ दत्तप्रसादांची. दुसऱ्याचं नाव 'घरच्यांना_कळवा'. 'व्यक्ती हो म्हणाल्यासच वापरावे. नको म्हणाल्यास विषय सोडावा, फिरवून विचारू नये. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर मात्र लगेच वापरावे.'

"बरं आहे," मी म्हटलं. माझ्याकडून एवढंच मिळतं, हे तिला माहीत आहे.

आणि मी पडले. स्नानगृहात नाही. तिथे मी भिंत धरते. स्वयंपाकघरात पडले, कोरड्या फरशीवर, वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढले होते तेव्हा. बरणी वाचली. माझा उजवा पाय अंगाखाली दुमडला गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पूर्णिमा ऑफिसला गेली होती. फोन माझ्या गाऊनच्या खिशात असतो, ही सुदर्शनची सक्ती. मी जमिनीवर पडून त्या फोनकडे बघत होते आणि दुखण्याच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल? ऊस.

कुणाला फोन करायचा ते ठरेना. ठरेना म्हणजे करायचाच नव्हता. थोडा वेळ पडून राहू, उठता येईल, असं स्वतःला सांगत होते. उठता येत नव्हतं. मग रोजच्या वेळी विचारपूसचा फोन वाजला.

"नमस्कार काकू, आज कसं वाटतंय?"

"छान," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आवाज थकलेला वाटतो आहे. काही झालंय का?"

"पडलेय जरा. विशेष काही नाही."

"कोणी माणूस बघायला पाठवू का? सुदर्शन यांना यातलं काही कळणार नाही."

"नको."

"ठीक आहे. सुदर्शनना कळेल म्हणून नको म्हणताय, की दुसरं काही कारण आहे? तुम्हाला उठून बसता येतंय का?"

मला हुंदका आला. इतक्या वर्षांत कुणी मला असं सरळ विचारलं नव्हतं.

"काकू, उठता येतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "पण नको. आणि सुदर्शनला अजिबात कळवायचं नाही."

"तुम्हाला उठता येत नाहीये, म्हणून मी खालच्या चैतालीताईंना निरोप पाठवते आहे. त्यांच्याकडे तुमची किल्ली आहे. सुदर्शनना मी कळवत नाही, ते तुम्ही ठरवाल. निरोप गेला आहे. त्या निघाल्या आहेत की नाही, ते अजून मला समजलेलं नाही. तोपर्यंत मी फोनवर आहे."

चैतालीचं तळमजल्यावर ब्यूटी पार्लर आहे. ती आली ती एका हातात मेंदीचा कोन तसाच धरून. पुढचं सगळं तिनं केलं. रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्स. घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं आणि रक्तदाब वाढलेला म्हणून ठेवून घेतलं.

पूर्णिमा दुपारी दवाखान्यात आली. केस विस्कटलेले, ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती. माझा पाय बघितला, माझा चेहरा बघितला आणि पहिलं वाक्य, "काकू, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा राग आला का?"

"आधी बस," मी म्हटलं. ती बसली नाही. पलंगाच्या पायथ्यापासून खिडकीपर्यंत चालत राहिली. तिसऱ्या फेरीला मला कळलं की ती त्या टूलबद्दल विचार करत नाहीये.

"तुम्ही सुदर्शनदादांना सांगणार का?" तिनं विचारलं. "मी सांगणार नाही. चैतालीताईंनाही सांगितलंय, बोलायचं नाही म्हणून. पण काकू, माझा जीव थाऱ्यावर नाही. तो तिकडे गाढ झोपलाय आणि त्याला माहीतच नाही. मीच लिहिलंय ते. मला सहन होऊन नाही राहिलं." आणि मग ती खिडकीकडे तोंड करून रडली.

कुणी परस्पर सुदर्शनला कळवलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, आणि भांडता भांडता मांजरीला पोचले असते. पण कुणी कळवलं नव्हतं. सगळे मला विचारून थांबले होते. आता सांगायचं की लपवायचं, हे माझ्याशिवाय कुणाचंच काम राहिलं नव्हतं आणि त्यामुळे मला लपवताही येईना. मी तिला म्हटलं, "लाव फोन. चेहरा दिसतो तसला."

फोन तिनं धरला. सुदर्शनला मी सगळं सांगितलं, स्टूल, बरणी, घोटा. तो आधी गोरामोरा झाला आणि मग भडकला. माझ्यावर नाही, तिच्यावर. "पूर्णिमा, तुमच्या सिस्टीमनं मला कळवलं का नाही? मी त्यासाठीच तर सुरू केलं होतं ना ते?"

"काकू नको म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

"आई सगळ्याला नको म्हणते!"

"माहीत आहे. माणूस पाठवायला त्यांनी दोनदा नको म्हटलं, ते आम्ही ऐकलं नाही. पण तुम्हाला कळवायला नको म्हणाल्या, ते ऐकलं. ते त्यांचं होतं." तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "तुम्हाला राग आला तर तक्रार करा. मी लिहिलंय ते, माझ्या नावानं करा."

तिकडे त्याच्यामागे कुणीतरी दार उघडून बंद केलं. मला वाटलं, आता कुलूप, आता मांजरी. मी तोंड उघडलं, सगळे मुद्दे तयार होते, कित्येक दिवस घोकलेले. पण त्यानं विचारलं, "आई, तुला मांजरीला जायचंय का?"

त्यानं मला तिथे नेलं होतं, खोली दाखवली होती, दांड्या दाखवल्या होत्या, कुलपाबद्दल सांगितलं होतं. विचारलं कधी नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

तो पडद्याच्या जवळ आला. मग म्हणाला, "नक्की नको? मी रागावणार नाही. खरं सांग."

"नक्की नको, बाळा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं, मोठ्यानं, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली एवढ्यानं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं," म्हणाला, "मग घरी काय काय करायला लागेल ते बघू." त्याचा चेहरा बघायला मी डोळे पुसले. पूर्णिमा फोन धरून खाटेभोवती चालायला लागली होती. त्याला बहुधा दवाखान्याचं छत दिसत असणार.